कमिट वेगळं, चेकपॉइंट वेगळा : पोस्टग्रेस चालवताना या चुका टाळा

पोस्टग्रेस हा डेटाबेस सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात दोन समजुती घट्ट बसलेल्या असतात. एक, कमिट झालं, म्हणजे ट्रान्झॅक्शन (एकत्र पार पडणाऱ्या बदलांचा गट) पक्कं झालं, की डेटा टेबलच्या फाइलमध्ये जाऊन बसतो. दुसरी, चेकपॉइंट म्हणजे तोवरच्या सगळ्या ट्रान्झॅक्शनवर बसलेला पक्का शिक्का. दोन्ही चूक आहेत. पुढे डेटाची जी नासधूस होते, तिचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

आत काय घडतं ते आधी पाहू. एखादी ओळ अपडेट केली की तिचं ८ केबीचं पान शेअर्ड बफर्समध्ये, म्हणजे मेमरीत बदलतं आणि त्या बदलाची नोंद वॉलमध्ये, म्हणजे राइट-अहेड लॉगमध्ये पडते. कमिट म्हटलं की कमिटची एक छोटी नोंद वॉलमध्ये जोडली जाते, तिथपर्यंतचं वॉल एफसिंक होऊन, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला सक्तीने लिहायला लावून, डिस्कवर पोचतं आणि मगच क्लायंटला होकार मिळतो. टेबलची फाइल या वेळी जुनीच असते. ती आणखी दहा मिनिटं जुनी राहिली तरी काही बिघडत नाही, कारण वॉलमधून ते पान पुन्हा घडवता येतं.

चेकपॉइंटर ही वेगळी प्रोसेस आहे. ९.२ आवृत्तीपासून ती बॅकग्राउंड रायटरपासून (बदललेली पानं अधूनमधून डिस्कवर नेणाऱ्या प्रोसेसपासून) स्वतंत्र झाली. चेकपॉइंट सुरू होताना ती वॉलमधली त्या क्षणाची जागा टिपून ठेवते. हा रिडू पॉइंट. त्या क्षणी जी पानं डर्टी, म्हणजे मेमरीत बदललेली पण फाइलमध्ये न पोचलेली, असतील ती सगळी ती फाइलींमध्ये लिहिते, फाइली एफसिंक करते, चेकपॉइंटची नोंद वॉलमध्ये टाकते आणि सर्वांत शेवटी त्या नोंदीचा पत्ता पीजी_कंट्रोल या ८ केबीच्या फाइलमध्ये लिहिते. सर्व्हर कोसळलाच तर रिकव्हरी रिडू पॉइंटपासून सुरू होते. हे पान कोणत्या ट्रान्झॅक्शनने बदललं, ते ट्रान्झॅक्शन कमिट झालंय का, हे पान लिहिताना चेकपॉइंटर विचारत नाही. समोर डर्टी पान आलं की ते लिहायचं, एवढंच.

कमिटनंतर 'खात्रीसाठी' चेकपॉइंट मारणं

ही चूक इतक्या ठिकाणी दिसते की तिच्यावर सविस्तर लिहायलाच हवं. अॅप्लिकेशनच्या कोडमध्ये महत्त्वाचं कमिट झालं की पुढच्या ओळीत चेकपॉइंटचा आदेश. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: 'डेटा डिस्कवर गेल्याची खात्री व्हावी म्हणून.' ती खात्री कमिटने आधीच दिलेली असते. चेकपॉइंटने तिच्यात काडीची भर पडत नाही. उलट हाताने मागितलेला चेकपॉइंट सावकाश चालत नाही. पूर्ण वेगाने सगळी डर्टी पानं डिस्कवर लोटतो आणि त्या वेळी चाललेली बाकीची कामं त्याच डिस्कच्या रांगेत अडकतात.

चेकपॉइंटचा ट्रान्झॅक्शनच्या निकालाशी संबंध नसतो, हे कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवून मानू नका. रिकाम्या चाचणी सर्व्हरवर पाच मिनिटांत स्वतः बघा. 'पावती' नावाचं एका कॉलमचं टेबल बनवा आणि ते कमिट होऊ द्या. मग बिगिन म्हणून, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडून, त्यात १०१ ही एक ओळ इन्सर्ट करा. त्याच सेशनमध्ये पीजी_करंट_एक्झॅक्ट_आयडी हे फंक्शन चालवा आणि आलेला ट्रान्झॅक्शनचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा. समजा ७४८ आला. आता कमिट न करता, त्याच उघड्या ट्रान्झॅक्शनमध्ये चेकपॉइंटचा आदेश द्या. पोस्टग्रेस तो मुकाट्याने पार पाडतं, कारण ट्रान्झॅक्शन चालू असताना चेकपॉइंट मागायला काहीच मनाई नाही. आता दुसऱ्या टर्मिनलवरून पीजी_सीटीएलने सर्व्हर इमिजिएट मोडमध्ये थांबवा, म्हणजे वीज गेल्यासारखी अवस्था होईल. पुन्हा सुरू करा.

लॉगमध्ये सर्व्हर नीट बंद झाला नव्हता आणि रिकव्हरी चालू आहे असा संदेश दिसेल. टेबलमधल्या ओळी मोजा, उत्तर शून्य येईल. आता पानं आतून दाखवणारं पेजइन्स्पेक्ट एक्स्टेन्शन घाला आणि हीप_पेज_आयटम्सने त्या टेबलचं पहिलं पान उघडून बघा. ओळ तिथेच आहे. तिच्या टी_एक्समिन या रकान्यात, म्हणजे ओळ घालणाऱ्या ट्रान्झॅक्शनच्या क्रमांकाच्या जागी, ७४८ आहे. चेकपॉइंटने कमिट न झालेली ओळ खरोखरच डिस्कवर नेऊन ठेवली, सर्व्हर पडून उठला तरी ती जागेवर आहे, पण कोणत्याही क्वेरीला ती दिसणार नाही. पीजी_एक्झॅक्ट_स्टेटसला ७४८ विचारलंत तर उत्तर 'अॅबॉर्टेड' येतं.

याचं कारण पीजी_एक्झॅक्ट नावाच्या फोल्डरमध्ये आहे. तिथे प्रत्येक ट्रान्झॅक्शनसाठी फक्त दोन बिट असतात. ८ केबीच्या एका पानात ३२,७६८ ट्रान्झॅक्शनचा निकाल मावतो. ७४८ च्या जागी 'कमिट' कधी लिहिलंच गेलं नाही, आणि सर्व्हर उठल्यावर ७४८ चालवणारी प्रोसेसही अस्तित्वात नाही. त्यामुळे ते रद्द झालेलं मानलं जातं. कोणी जाऊन ओळ पुसत नाही, अंडू, म्हणजे बदल उलटे फिरवणं, चालत नाही. ती ओळ पुढे मेलेल्या ओळी साफ करणारा व्हॅक्यूम उचलतो.

मायएसक्यूएलच्या इनोडीबीत किंवा एसक्यूएल सर्व्हरमध्ये असं नसतं, आणि तिथून आलेली मंडळी इथेच गोंधळतात. तिथेही चेकपॉइंट अर्धवट ट्रान्झॅक्शनची पानं डिस्कवर नेतो. पण रिकव्हरीत आधी रिडू, म्हणजे लॉगमधले बदल पुन्हा लावणं, होतं आणि मग अपूर्ण ट्रान्झॅक्शन मागे फिरवली जातात. म्हणून इनोडीबीत प्रचंड रोलबॅक चालू असताना कंटाळून प्रोसेस मारली तरी सुटका होत नाही. सर्व्हर उठल्यावर उरलेला रोलबॅक तिथूनच पुढे चालू होतो. पोस्टग्रेसमध्ये रोलबॅक क्षणात होतो, पण मेलेल्या ओळींचा ढीग टेबलमध्ये मागे राहतो.

एका जागी मात्र कमिट आणि चेकपॉइंट यांची खरोखर गाठ पडते. कमिटची नोंद वॉलमध्ये गेली पण पीजी_एक्झॅक्टमधले दोन बिट अजून बदलायचे आहेत, अशी एक बारीक फट असते. नेमका तेव्हाच चेकपॉइंटने रिडू पॉइंट त्या नोंदीच्या पुढे टिपला, बिट बदलण्याआधी पीजी_एक्झॅक्टचं पान डिस्कवर लिहिलं आणि मग सर्व्हर पडला, तर? रिकव्हरी त्या कमिट नोंदीच्या पुढून सुरू होईल, बिट जुनेच असतील आणि क्लायंटला 'झालं' म्हणून कळवलेलं ट्रान्झॅक्शन गायब होईल. हे होऊ नये म्हणून कमिट करणारी प्रत्येक बॅकएंड प्रोसेस कमिटची नोंद टाकण्याआधी स्वतःवर 'चेकपॉइंट थांबवा' अशी खूण लावते आणि बिट बदलल्यावर काढते. रिडू पॉइंट ठरल्यावर चेकपॉइंटर अशी खूण असलेल्यांची यादी घेतो आणि ती रिकामी होईपर्यंत १० मिलिसेकंदांच्या हप्त्यांनी वाट बघतो. मगच पुढची पानं लिहायला घेतो. लक्षात घ्या, तो कमिटच्या ऐन क्षणात असलेल्यांसाठी थांबतो. बिगिन करून जेवायला गेलेल्या सेशनसाठी थांबत नाही.

मग हाताने चेकपॉइंट कधी द्यायचा? माझ्या हातून तो दोनच वेळा दिला जातो. नियोजित रीस्टार्टच्या मिनिटभर आधी, म्हणजे बंद होतानाचा चेकपॉइंट लवकर आटोपतो. आणि वॉलची अडकलेली जागा मोकळी करताना, ज्याबद्दल पुढे येईलच. १५ व्या आवृत्तीपासून यासाठी पीजी_चेकपॉइंट हा वेगळा रोल आहे, सुपरयूजर लागत नाही. म्हणून तो रोल अॅप्लिकेशनच्या यूजरला देऊन टाकण्याचा मोह होतो. देऊ नका.

चेकपॉइंट वारंवार केला तर बरं, हा समज

चेकपॉइंट लवकर लवकर झाला की रिकव्हरी पटकन होईल, म्हणून 'चेकपॉइंट_टाइमआउट' ५ मिनिटांवरून ३० सेकंदांवर आणतात. ३० सेकंद ही त्याची किमान मर्यादाच आहे. मग आठवड्याभरात तक्रार येते की वॉल इतकं का वाढलं. कारण सरळ आहे. चेकपॉइंटनंतर एखादं पान पहिल्यांदा बदललं की फक्त त्या बदलाची नोंद पुरत नाही, ते पूर्ण ८ केबीचं पान वॉलमध्ये जातं. वीज गेली तेव्हा पान अर्धंच लिहिलं गेलं असेल, वरचे ४ केबी नवे आणि खालचे जुने, तर दुरुस्तीसाठी पूर्ण प्रत हाताशी हवी म्हणून ही सोय. म्हणजे जितके चेकपॉइंट जास्त, तितक्या वेळा तीच पानं पुन्हा पूर्ण लिहिली जातात. शंभर बाइटच्या बदलापायी आठ हजार बाइट.

यावर ही सोयच, म्हणजे 'फुल_पेज_राइट्स', बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. अर्धवट पान कधीच लिहिलं जाणार नाही अशी हमी देणारी फाइल सिस्टिम तुमच्याकडे नसेल तर हा सल्ला म्हणजे डेटावर लावलेला जुगार आहे. वॉल कमी करायचं तर चेकपॉइंटमधलं अंतर वाढवा आणि 'वॉल_कॉम्प्रेशन' चालू करा. १५ पासून त्यात एलझेड४ आणि झेडस्टॅण्डर्डही मिळतात.

अंतर वाढवताना आणखी एक गफलत होते. टाइमआउट १५ मिनिटं करतात आणि 'मॅक्स_वॉल_साइझ' १ जीबीवरच राहू देतात. चेकपॉइंट दोन कारणांनी सुरू होतो, वेळ झाली म्हणून किंवा वॉल भरत आलं म्हणून. शिवाय १ जीबी म्हणजे १ जीबी भरल्यावर असं नाही. चेकपॉइंट चालू असतानाही वॉल वाढतच राहणार, त्याची जागा धरून ११ व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस त्या आकड्याला १ अधिक 'चेकपॉइंट_कम्प्लिशन_टार्गेट' याने भागतं. १४ पासून ते टार्गेट डिफॉल्टने ०.९ आहे. म्हणजे १ जीबीच्या ६४ सेगमेंटना (वॉलच्या फाइलींना) १.९ ने भागायचं, आले ३३. प्रत्येकी १६ एमबी धरले तर साधारण ५२८ एमबी वॉल झालं की चेकपॉइंट सुरू. दिवसाच्या गर्दीत हे दोन मिनिटांतही भरतं आणि तुमची १५ मिनिटं कागदावरच राहतात.

आकडा अंदाजाने टाकू नका, मोजा. गर्दीच्या वेळी पीजी_करंट_वॉल_एलएसएन, म्हणजे वॉलमधली सध्याची जागा, टिपा, बरोबर १५ मिनिटांनी पुन्हा टिपा, पीजी_वॉल_एलएसएन_डिफने वजाबाकी करा. समजा ६ जीबी आले. त्याला १.९ ने गुणा, ११.४ जीबी. मी अशा वेळी १६ जीबी ठेवतो आणि वॉलच्या डिस्कवर त्याच्या किमान दुप्पट जागा मोकळी आहे ना ते बघतो. ही मर्यादा मऊ आहे, गरज पडली तर पोस्टग्रेस ती ओलांडतं. नवा आकडा लागू झाल्यावर पुन्हा मोजा. पूर्ण पानं कमी लिहिली गेल्यामुळे वॉल स्वतःच घटलेलं दिसेल.

तपासायला लॉग पुरेसा आहे. 'लॉग_चेकपॉइंट्स' १५ पासून आपोआप चालू असतो, जुन्या आवृत्तीत चालू करा. चेकपॉइंट सुरू झाल्याच्या ओळीत कारण लिहिलेलं असतं, 'टाइम' किंवा 'वॉल'. बहुतेक ओळी 'टाइम'च्या हव्यात. चेकपॉइंट फार जवळजवळ होत आहेत असा इशारा ३० सेकंदांच्या आत पुन्हा वॉल भरल्यामुळे चेकपॉइंट झाला तर येतो. तो न येणं म्हणजे सगळं ठीक, असं नाही. ४० सेकंदांनी होणारा चेकपॉइंट त्यात पकडलाच जात नाही. पूर्ण झाल्याच्या ओळीतले राइट आणि सिंक हे दोन आकडे वाचायची सवय लावा. राइट मोठा असणं चांगलं, कारण काम मुद्दाम पसरवलेलं असतं. सिंक काही सेकंदांच्या वर जात असेल तर डिस्क दमलेली आहे. एकूण मोजणीसाठी १७ पासून पीजी_स्टॅट_चेकपॉइंटर हा वेगळा व्ह्यू आहे, त्याआधीचे आकडे पीजी_स्टॅट_बीजीरायटरमध्ये होते. १७ वर हलल्यावर जुनी मॉनिटरिंगची क्वेरी मोडते ती यामुळेच.

पीजी_वॉलमधल्या 'जुन्या लॉग फाइली' उडवणं

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. ती इतक्या जणांनी केली की पोस्टग्रेसला फोल्डरचं नावच बदलावं लागलं. २०१७ साली १० वी आवृत्ती आली तोवर या फोल्डरचं नाव पीजी_एक्सलॉग होतं आणि ट्रान्झॅक्शनच्या निकालांचं फोल्डर पीजी_क्लॉग. नावात 'लॉग' दिसला की डिस्क भरलेल्या माणसाचा हात रिमूव्हच्या आदेशाकडे जायचा. म्हणून १० मध्ये त्यांची नावं पीजी_वॉल आणि पीजी_एक्झॅक्ट अशी केली. नाव बदललं, घाई बदलली नाही.

प्रसंग ठरलेल्या पायऱ्यांनी घडतो. आर्काइव्ह कमांड, म्हणजे वॉलच्या भरलेल्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवणारा आदेश, ज्या सर्व्हरवर वॉल पाठवत होती तिथला पासवर्ड किंवा किल्ली (की) बदलते. कमांड नापास होऊ लागते. पोस्टग्रेस नियमाने वागतं. आर्काइव्ह न झालेली फाइल ते पुसत नाही. १६ एमबीच्या, २४ अक्षरी नावांच्या फाइली साचत जातात. चेकपॉइंट वेळेवर होत असतात, त्यामुळे वरवर सगळं सुरळीत दिसतं. मग रात्री डिस्क १०० टक्के भरते, वॉल लिहिता येत नाही म्हणून सर्व्हर पॅनिक होऊन बंद पडतो. ड्यूटीवरचा माणूस बघतो तर हजारो फाइली आणि नुसते आकडे असलेली नावं. 'दोन दिवसांपूर्वीच्या काढतो' म्हणत सुरुवात होते. जागा पुरत नाही म्हणून मग 'एक तासापूर्वीच्याही'. सर्व्हर सुरू करतो, तर लॉगमध्ये येतं की वैध चेकपॉइंटची नोंद सापडली नाही.

आता त्या फाइलींमध्ये काय होतं ते बघा. शेवटच्या चेकपॉइंटचा रिडू पॉइंट पावणेबाराचा आहे आणि सर्व्हर बाराला पडला, असं धरा. त्या पंधरा मिनिटांतली कमिट झालेली ट्रान्झॅक्शन दोनच ठिकाणी पूर्ण होती, मेमरीत आणि वॉलमध्ये. मेमरी सर्व्हर पडताच गेली. वॉल हाताने पुसलं.

इथून पुढची पायरी आणखी वाईट असते. शोधल्यावर पहिलं उत्तर पीजी_रीसेटवॉलचं सापडतं. ते चालवलं की सर्व्हर सुरू होतो, टेबलं दिसतात आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण ते हत्यार काहीच दुरुस्त करत नाही. वॉल नव्याने सुरू करून 'इथपर्यंत सगळं ठीक होतं' असं पीजी_कंट्रोलमध्ये लिहून टाकतं. टेबलचं एक पान बॅकग्राउंड रायटरने डिस्कवर नेलेलं असतं, त्याच ट्रान्झॅक्शनचं दुसरं पान मेमरीतच गेलेलं असतं. एका खात्यातून पैसे वजा झाले, दुसऱ्यात जमा झालेच नाहीत, आणि निकालाचे दोन बिट मात्र 'कमिट' म्हणत आहेत, असंही होऊ शकतं. इंडेक्स एका ओळीकडे बोट दाखवतो आणि तिथे भलतीच ओळ असते. यातलं काहीच ताबडतोब दिसत नाही. रीसेट करावंच लागलं तर त्या क्लस्टरवर (त्या सर्व्हरच्या सगळ्या डेटावर) एकही नवं काम करू नका. लगेच पीजी_डम्पऑलने सगळा डेटा बाहेर काढून घ्या, नवा क्लस्टर इनिटडीबीने बनवा, त्यात भरा आणि हिशेब जुळवून पाहा. त्याही आधी पूर्ण डेटा फोल्डरची बाइट-बाय-बाइट प्रत बाजूला ठेवा. आणि फाइली पुसल्या गेल्या पण सर्व्हर अजून चालू असेल, तर तो बंद करू नका. त्याच अवस्थेत डम्प घ्या.

खरा इलाज पुसण्यात नाही, फाइली कोणी अडवल्या आहेत ते शोधण्यात आहे. पीजी_स्टॅट_आर्कायव्हर बघा. शेवटची नापास फाइल आणि वेळ तिथे दिसते. मग पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स. महिन्यापूर्वी बंद केलेल्या रेप्लिकाचा (प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरचा) स्लॉट, म्हणजे तिच्यासाठी वॉल राखणारी नोंद, तसाच राहिलेला असतो आणि त्याच्या रीस्टार्ट_एलएसएनपासूनचं सगळं वॉल धरून ठेवतो. त्यानंतर 'वॉल_कीप_साइझ', म्हणजे रेप्लिकांसाठी किती वॉल मागे ठेवायचं तो आकडा. कारण दूर केलं तरी जागा लगेच सुटत नाही, फाइली पुढच्या चेकपॉइंटच्या शेवटी निघतात. इथे हाताने चेकपॉइंट देणं योग्य आहे. सर्व्हर उठायलाही जागा नसेल तर डिस्क वाढवा. नाहीतर सर्व्हर बंद असताना पूर्ण पीजी_वॉल फोल्डर मोठ्या डिस्कवर हलवून सिमलिंक करा. मी वॉलच्या डिस्कवर २ जीबीची एक निरुपयोगी फाइल कायम ठेवतो. अशा रात्री ती उडवली की श्वास घ्यायला जागा मिळते. ती डीडीने खऱ्या शून्यांनी भरलेली हवी, नुसता आकार दाखवणारी पोकळ फाइल काही कामाची नाही. १३ पासून 'मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ' आहे. त्याला मर्यादा घाला. रेप्लिका पुन्हा बांधावी लागली तरी चालेल, पण मुख्य सर्व्हर पडायला नको.

एक आडवाट लोकांना फार आवडते. आर्काइव्ह कमांड काढून तिथे नुसतं 'यश' परत करणारा आदेश टाकायचा. फाइली भराभर निघतात, पण आर्काइव्हमध्ये भोक पडतं आणि त्या क्षणापासून जुना बेस बॅकअप (सगळ्या डेटा फाइलींची प्रत) त्या भोकाच्या पुढे नेता येत नाही. ही वाट घेतलीच तर कमांड परत बसवल्यावर त्याच तासात नवा बेस बॅकअप घ्या.

उघड्या ट्रान्झॅक्शनमुळे वॉल साचतं, असं मानणं

एसक्यूएल सर्व्हरमध्ये हे खरं आहे. सर्वांत जुन्या चालू ट्रान्झॅक्शनच्या पुढचा लॉग तिथे कापता येत नाही, चेकपॉइंट कितीही होवोत. पोस्टग्रेसला रोलबॅकसाठी जुना लॉग लागतच नाही, म्हणून चार तास उघडं राहिलेलं ट्रान्झॅक्शन वॉल अडवत नाही. ते व्हॅक्यूमला अडवतं आणि टेबल फुगवतं. अपवाद लॉजिकल स्लॉटचा, जो वॉल उलगडून (डीकोडिंग) ओळींचे बदल दुसरीकडे पाठवायला असतो. डीकोडिंगला ते ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून वाचावं लागतं, त्यामुळे तिथे वॉल खरोखर धरलं जातं. दोन्हींवर उपाय एकच, ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून रिकामं बसलेलं सेशन तोडणारा 'आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट'. अॅप्लिकेशनच्या यूजरला मी ५ मिनिटं लावतो.

वेगासाठी चुकीचं बटण दाबणं

कमिट हळू वाटतं म्हणून 'एफसिंक' बंद करणाऱ्यांना 'सिंक्रोनस_कमिट' माहीत नसतं. दुसरं बंद केलं तर कमिटच्या वेळी वॉल डिस्कवर पोचायची वाट पाहिली जात नाही. सर्व्हर पडला तर 'वॉल_रायटर_डिले'च्या तिप्पट, म्हणजे डिफॉल्ट २०० मिलिसेकंद धरता जास्तीत जास्त ६०० मिलिसेकंदांतली ट्रान्झॅक्शन जातात. गेली तरी पूर्ण जातात, डेटाबेस सुसंगत राहतो. सेट लोकल वापरून ते एकाच ट्रान्झॅक्शनपुरतंही बंद करता येतं. 'एफसिंक' बंद केलं तर मात्र वॉल आधी आणि पान नंतर हा क्रमच मोडतो, आणि चेकपॉइंट पूर्ण झाल्याचा दावा पोकळ ठरतो. भरणा करण्यापुरतं बंद केलं असेल तर पुन्हा चालू करताना इनिटडीबीचा सिंक-ओन्ली पर्याय चालवून सगळं डिस्कवर उतरवून घ्या.

चेकपॉइंटचा एफसिंकवर किती भार आहे ते २०१८ च्या वसंतात सगळ्यांना कळलं. पोस्टग्रेसच्या विकासकांसमोर एक प्रकार आला. लिनक्सवर डिस्कच्या चुकीमुळे एफसिंक नापास झाला, चेकपॉइंट अपुरा राहिला, पोस्टग्रेसने पुढच्या वेळी पुन्हा एफसिंक केला आणि तो पास झाला. प्रत्यक्षात पहिल्या अपयशानंतर कर्नलने ती पानं 'स्वच्छ' ठरवून टाकली होती. दुसऱ्या वेळी लिहायला काही उरलंच नव्हतं. चेकपॉइंट पूर्ण मानला गेला, त्यामागचं वॉल पुन्हा वापरायला गेलं आणि ती पानं कुठेच राहिली नाहीत. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या ११.२, १०.७ आणि त्यांच्यासोबतच्या जुन्या शाखांच्या आवृत्त्यांत वागणं बदललं. डेटा फाइलचा एफसिंक एकदाही नापास झाला तर सर्व्हर पॅनिक होतो आणि आधीच्या खऱ्या चेकपॉइंटपासून वॉल पुन्हा लावतो. असा पॅनिक दिसला की 'सर्व्हर पडू नये' म्हणून 'डेटा_सिंक_रीट्राय' चालू करायचा सल्ला देणारे भेटतात. तो बंदच ठेवा. केबल, डिस्क, स्टोरेजची जागा यांचा शोध घ्या.

थोडक्यात उरकण्यासारख्या

पीजी_बेसबॅकअप 'अडकला' म्हणून कंट्रोल-सी करू नका. तो चेकपॉइंटची वाट बघतोय, आणि डिफॉल्टने तो चेकपॉइंट सावकाश होतो. घाई असेल तर चेकपॉइंटचा पर्याय 'फास्ट' द्या.

रिस्टोअर केलेल्या बॅकअपमधली बॅकअप_लेबल फाइल पुसू नका. रिकव्हरी कोणत्या चेकपॉइंटपासून हवी ते तिच्यात आहे. ती नसली तर पीजी_कंट्रोलमधला नंतरचा चेकपॉइंट धरला जातो, मधलं वॉल लागतच नाही आणि सर्व्हर काही न बोलता बिघडलेल्या डेटावर सुरू होतो.

अनलॉग्ड टेबल, म्हणजे ज्याचे बदल वॉलमध्ये जात नाहीत ते, चेकपॉइंटने वाचत नाही. सर्व्हर कोसळून उठला की ते रिकामं असतं.

बंद होताना चेकपॉइंट चालू आहे म्हणून वेळ लागतोय, तेव्हा किल -९ ने प्रोसेस सक्तीने मारणं नको. तेच काम मग रिकव्हरीत करावं लागतं. लिनक्सवर सर्व्हर चालू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीचा थांबवण्याचा डिफॉल्ट वेळ ९० सेकंद आहे आणि तो संपला की सिस्टिमडीही हेच करतं. स्वतः बांधलेल्या युनिट फाइलमध्ये 'टाइमआउटसेक' इन्फिनिटी ठेवा.

स्टँडबायवर, म्हणजे मुख्य सर्व्हरचं वॉल लावत राहणाऱ्या राखीव सर्व्हरवर, 'चेकपॉइंट_टाइमआउट' कमी करून उपयोग नाही. तिथे चेकपॉइंट नसतो, रीस्टार्टपॉइंट असतो, आणि तो मुख्य सर्व्हरकडून चेकपॉइंटची नोंद वॉलमधून आल्याशिवाय करता येत नाही. स्टँडबाय उठायला उशीर लागत असेल तर मुख्य सर्व्हरवरचे दोन चेकपॉइंट किती अंतराने होतात ते आधी बघा.